तुळशीवर ऊन येईपर्यंत

स्टेशनावरून चिंचवड गावात येणारा रस्ता शेवटी शेवटी उतरत येतो. उतार म्हणावा एवढाही तो नाही, सायकलवाले पायडल मारायचं थांबवतात इतकंच. पण हिवाळ्यात कॉलेजातून परत येताना तो उतार मला आधी घोट्यांना कळायचा. वर स्टेशनाजवळ दिवसभर तापलेल्या जमिनीची ऊब असायची. वडाचं झाड मागं पडलं की पायांशी गार लागायला सुरुवात व्हायची, नदीत एकेक पाऊल टाकत उतरावं तशी. मग पोटऱ्या, मग कंबर. गावाच्या वेशीपाशी येईपर्यंत मी त्या गारव्यात गळ्यापर्यंत बुडालेली असायचे, आणि नेमका तिथंच धुराचा वास सुरू व्हायचा.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंही वाटलं नव्हतं. मुळात मला बोलायची सवय कमी. आमचं मूळ घर करमाळ्याचं. तिथं मुलींना पुढं शिकायची सोय नव्हती, म्हणून मला लहानपणीच पुण्याला आत्याकडे ठेवलं. आत्याचं घर कॅम्पात होतं, म्हणून शाळाही तिथलीच, इंग्रजी. शाळेत माझं इंग्रजी कमी पडायचं आणि सुट्टीत घरी गेलं की मराठी. दोन्हीकडे गप्प राहून ऐकत बसणं सोपं होतं. माणसं आपल्याला विसरून बोलायला लागली की बरंच काही कळतं.

मी कॉलेजात गेले त्याच वर्षी अण्णांना पिंपरीच्या माळावरच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली, स्टोअरमध्ये. करमाळ्याहून ते आईला घेऊन आले आणि मीही आत्याचं घर सोडून त्यांच्याकडे राहायला आले. लग्न झाल्यापासून आई पहिल्यांदाच वेगळ्या घरात राहत होती. करमाळ्याला आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ मोठी पंगत उठायची. सासूबाई, थोरल्या जाऊबाई, दोन आत्येसासवा, यांच्यात आईचा नंबर भाजी निवडण्यापर्यंतच यायचा. भाजी कुठली करायची हे ठरवण्यापर्यंत तो कधी पोचला नाही. चिंचवडच्या त्या तीन खोल्यांत पहिल्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली आणि अण्णांना म्हणाली, "आज मी मेथीची गोळा भाजी करते." अण्णा पेपर वाचत होते. ते "बरं" म्हणाले. आई तरीही थोडा वेळ तशीच उभी राहिली. दुसरं कुणी काही म्हणतंय का, याची वाट बघत असावी. कुणीच काही म्हणालं नाही. मग तिनं पदर खोचला.

घर ठरवताना अण्णांपुढं दोन जागा होत्या. एक वर स्टेशनाजवळच्या माळावर, नव्या चाळीत. दुसरी खाली गावात, नदीच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर. आईला दमा होता, त्यामुळं अण्णांनी फारसा विचार न करता नदीकाठचं घर घेतलं. करमाळ्याकडच्या माणसानं दुसरं काय करावं? आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरायचे. बारा महिने वाहणारी नदी ज्या घराच्या मागं आहे, तिथली हवा वाईट असेल हे आमच्या कुणाच्या मनात येणं शक्यच नव्हतं. वर माळावर काय, नुसता भणाण वारा. "नदीकाठी छाती मोकळी होईल," असं अण्णा म्हणाले आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं. मलाही.

पावसाळ्यात सगळे आईच्या काळजीत होते. मावळचा पाऊस, ओल, दम्याच्या माणसाला तर नकोच. करमाळ्याहून थोरल्या काकांचं कार्डावर कार्ड येत होतं. प्रत्यक्षात आई त्या पावसाळ्यात ठणठणीत होती. मावळच्या डोंगरांकडून येणारा वारा दिवसरात्र वाहत होता. कपडे वाळत नव्हते, मिठाचं पाणी होत होतं, आगपेटीतल्या काड्या ओढून ओढून झिजत होत्या, पण आईच्या छातीत शिट्टी वाजत नव्हती. ती कधी नव्हे ती ओव्या म्हणायला लागली. आमच्या घरमालकीण काकी शेजारच्याच घरात राहायच्या. जुन्या गावकरी, नदीपलीकडे थेरगावच्या बाजूला त्यांची जमीन होती. त्या भिंतीपलीकडून ओरडायच्या, "काय वो, आज लई खुशीत हाय कोन?"

दिवाळी झाली आणि वारा पडला. तो हळूहळू नाही, एकदमच पडला. एके दिवशी दोरीवरचे कपडे लटकले ते लटकलेच. आभाळ स्वच्छ, दुपारी छान ऊन, संध्याकाळी सूर्य टेकड्यांमागं गेला की लगेच गारठा. थेरगावच्या काठावर वीटभट्ट्या पेटल्या. गावात घरोघरी पहाटे बंब पेटायला लागले, शेणी आणि पाचट घालून. आणि आईची छाती वाजायला लागली.

पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून औषध दिलं आणि वर सांगितलं, "पहाटेची शुद्ध हवा घ्या. दीर्घ श्वास घ्या. दारं-खिडक्या बंद ठेवू नका." हे आईला वेगळं सांगायची गरजच नव्हती. पहाटे उठून पुढचं दार उघडायचं, अंगणात सडा घालायचा, रांगोळी काढायची, हे तिच्या हाताला लहानपणापासून ठाऊक होतं. दार बंद असलेल्या घरावरून लक्ष्मी पुढं निघून जाते. आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिनं मागचं दारही उघडायला सुरुवात केली. सडा-रांगोळी झाली की ती मागच्या दारात पाटावर बसायची, अंगावर शाल, तोंड नदीकडे, आणि डोळे मिटून खोल खोल श्वास घ्यायची. घर पुढून मागं आरपार उघडं. मी कॉलेजला निघेपर्यंत तिचे दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले असायचे, खांदे वर गेलेले, आणि अण्णा तिच्या पाठीवरून हात फिरवत असायचे.

"थंडी जास्त आहे यंदा," अण्णा म्हणायचे.

"उद्या लवकर बसते," आई म्हणायची. "आज जरा उशीर झाला."

काकी आल्या की त्यांचं निदान वेगळं असायचं. "तुमचं पानीच पातळ. करमाळ्याची मान्सं उन्हात वाळल्याली, हितलं गारं सोसत न्हाई. चुलीम्होरं बसा, धूर घ्या. धुरानं कफ जळतुया. आमी काय मेलो व्हय धुरात?" असं म्हणता म्हणता त्या स्वतःच खोकायच्या आणि तंबाखूच्या नावानं बोटं मोडायच्या.

मग काकांचं कार्ड आलं. संक्रांतीला ते स्वतः येणार होते आणि जाताना आईला घेऊन जाणार होते. करमाळ्याची हवा कोरडी, आईनं तिथंच राहावं. मुलगी आत्याकडे परत जाईल, अण्णांनी खोली घेऊन खाणावळीत जेवावं. काकांचा शब्द आमच्या घरात शेवटचा असायचा आणि ते चुकीचं काही सांगतही नव्हते. अण्णांनी कार्ड दोनदा वाचलं आणि देवघराच्या फळीवर ठेवलं. दुपारी आईनं स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढले, एकेक पुसला आणि परत जागेवर ठेवला. डबे स्वच्छच होते.

तोपर्यंत माझ्या लक्षात काही गोष्टी आल्या होत्या. सकाळच्या लोकलसाठी मी वर स्टेशनाकडे चढायला लागले की वडाच्या झाडाशी एका जागी खोकला थांबायचा. अगदी एका जागी. तिथं वळून खाली बघितलं तर गाव नसायचं. नदीच्या खोलगटात एक राखी चादर अंथरलेली असायची, वरून सपाट, कडेला नीट खोचलेली, आणि तिच्यातून गणपतीच्या देवळाचा कळस तेवढा वर. भट्ट्यांचा धूर सरळ वर जाताना दिसायचा आणि ठरावीक उंचीवर गेला की छताला डोकं आपटल्यासारखा आडवा पसरायचा. त्या रेषेच्या वर निळं आभाळ, चाकणकडून येणाऱ्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा स्वच्छ आवाज, कोवळं ऊन. आमच्या शाळेच्या भूगोलात लंडनच्या धुक्यावर एक धडा होता. तो मला तोंडपाठ होता. त्यात पवनेचं नाव नव्हतं, त्यामुळं तो इथं लागू होईल हे कळायला मला बरेच दिवस लागले.

मध्येच एक-दोनदा आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसते ढग आणि पूर्वेचा वारा. त्या दिवशी पहाटे गारठा नव्हता, चादरही नव्हती, आणि आई सडा घालता घालता काकींशी भांडत होती. आभाळ मोकळं झालं की परत शिट्टी. रविवारी मी घरी असायचे तेव्हा दिसायचं की ऊन चांगलं वर आलं, अंगणातल्या तुळशीवर पडलं, की आईचे खांदे आपोआप खाली यायचे. दुपारी तर ती कांडायलाही बसायची. अण्णा त्या वेळी कारखान्यात असायचे. त्यांना फक्त सकाळची आई ठाऊक होती.

सगळं माझ्यापुढं मांडलेलं होतं. फक्त ते बोलायचं कसं हे मला जमत नव्हतं. डॉक्टर, वडील, काका आणि लक्ष्मी, या चौघांच्या विरुद्ध जाणारी गोष्ट होती ती.

संक्रांतीच्या आधी डॉक्टरांना परत दाखवायचं ठरलं. सकाळच्या लोकलला आईला चालवणार नाही म्हणून अण्णांनी स्टेशनापर्यंत टांगा सांगितला. अण्णा टांगेवाल्याशेजारी पुढं बसले, आई आणि मी मागं. टांग्यात मागच्या माणसाचं तोंड मागंच असतं, निघालेल्या गावाकडे. आई तोंडाला पदर लावून खोकत होती. समोरून आमचंच घर हळूहळू पुसट होत होतं, मग काकींचं, मग वेस. दुपारी-तिपारी ती या रस्त्यानं दोन-चारदा गेली असेल, पहाटे कधीच नाही. पहाटे तर ती मागच्या दारात पाटावर असायची.

वडापाशी टांगा वर आला. आईनं पदर खाली केला. तिच्या हे लक्षातही आलं नव्हतं. ती समोर बघत होती.

"आपलं घर कुठंय गं?"

मी कळसाकडे बोट केलं आणि मग ते बोट थोडं डावीकडे, खाली नेलं. त्या राखी चादरीत.

"त्याच्यात?"

"त्याच्यात."

टांगा चालला होता. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी रोज उठून हेच ओढून घेतेय. आणि तेही डोळे मिटून."

आणि मग मी बोलले. चाकांच्या आवाजात कदाचित सोपं गेलं असेल. आणि तोंड गावाकडे होतं, माणसांकडे नव्हतं. मी म्हणाले, की गार हवा जड असते, रात्री ती टेकड्यांवरून पाण्यासारखी उतरते आणि नदीच्या खोलगटात साठते. वर गरम हवेचं झाकण बसतं. सगळ्या गावाचे बंब आणि भट्ट्या त्या झाकणाखालीच धूर सोडतात आणि ऊन तापून झाकण उघडेपर्यंत तो तिथंच राहतो. पावसाळ्यात वारा ते साठूच देत नाही, म्हणून तेव्हा तू बरी होतीस.

"कुकरसारखं," आई म्हणाली. आत्यानं दिवाळीला तिला वाफेचा कुकर दिला होता, त्याचं तिला फार कौतुक होतं.

"हो. तसंच."

अण्णा पुढून मान वळवून म्हणाले, "काय म्हणतेय ती?"

"काही नाही," आई म्हणाली. "तुम्ही पुढं बघा." पण ती हसत होती, आणि न खोकता.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि पुन्हा सांगितलं, पहाटेची शुद्ध हवा. आईनं अगदी नम्रपणे "हो" म्हटलं. भर दुपारी आम्ही परत उतरलो तेव्हा गावातलं कौल न् कौल मोजता येत होतं. नदी चमकत होती. आई टांग्यातून वाकून बघत म्हणाली, "चोर कसा बघ. दिवसाढवळ्या साळसूद."

त्या संध्याकाळी आईनं अण्णांना सगळं सांगितलं, आणि घरात पंचाईत उभी राहिली ती लक्ष्मीची. पहाटे दारं बंद ठेवायची, आईनं मधल्या खोलीत बसायचं, हे ठरलं. त्या खोलीला बाहेरची खिडकीच नव्हती. पण सड्याचं काय? ऊन वर आल्यावर घातलेल्या सड्याला काय अर्थ? मी घालते म्हणाले, तर स्वयंपाक कुणी करायचा? अण्णांचा डबा आता मीच करणार होते आणि माझ्या भाकऱ्यांना अजून कुठल्या तरी देशाचे नकाशे यायचे.

अण्णा म्हणाले, "मी घालतो."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "अहो, लोक काय म्हणतील?"

"लक्ष्मी रांगोळी बघून येते का काढणारा बघून?"

"तुम्हाला ठिपके तरी येतात का?"

"स्टोअरात मी सगळं रांगेनं लावतो," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मफलर नाकावरून बांधला, बादली घेऊन बाहेर गेले आणि दार मागं ओढून घेतलं. मी शेगडी पेटवायला मागच्या अंगणात होते, पुढच्या अंगणातलं सगळं ऐकू येत होतं.

"आगं बया!" काकींचा आवाज. "ह्ये कोन बसलंय रांगूळीला? आवो, बाईल माहेरी गेली का काय?"

"घरातच आहे."

"मग हात मोडला का तिचा?"

"तिला सकाळचा धूर सोसत नाही. ऊन आल्यावर बाहेर येईल."

"आन् तवर तुमी नवरीवानी रांगूळी काढनार? आवो, ह्ये सपान तर पडत न्हाई ना मला?" मग जरा वेळानं, जवळून, "ही वळ वाकडी गेली बगा. भाऊसाहेब, सामान मोजताना बी असंच करता व्हय?"

ऊन तुळशीवर आलं की आई पहिलं काम करायची ते दार उघडून रांगोळी तपासण्याचं. पहिल्या दिवशी तिनं फक्त एक ओळ पुसून परत काढली. अण्णांची रांगोळी चौकोनी असायची, फुलं नाहीत, पानं नाहीत, एकाशेजारी एक घरं, फळीवर खोकी लावल्यासारखी. गल्लीत तिला 'कंपनीची रांगोळी' असं नाव पडलं. अंघोळ अण्णा गार पाण्यानं करायला लागले, बंब उन्हानंतर पेटायचा. त्यांचा नामस्मरणाचा आवाज एवढा वाढला की काकी म्हणाल्या, देव भैरा व्हईल.

आई पूर्ण बरी झाली असं नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी थोडं वाजायचं, तेव्हाही आम्ही दारं ओढून घ्यायला लागलो. पण सकाळी गुडघ्यावर हात टेकून बसणं थांबलं. ऊन आल्यापासून दिवस कलेपर्यंत सगळा वेळ तिचा होता.

काका सांगितल्याप्रमाणे आले, पण सांगितलेल्या वेळेआधी. रात्रीची गाडी पकडून ते पुण्याला उतरले आणि पहिल्या लोकलनं चिंचवडला आले, चालत खाली. मी मागच्या अंगणात शेगडीला वारा घालत होते, पुढून त्यांचा आवाज आला.

"अरे! तू? हे काय करतोयस?"

"दादा! या, या. रांगोळी."

"रांगोळी? घरात बायकामाणसं नाहीत?"

मी आत पळाले. काका दार ढकलून आत आले तसे पाय धुवायच्या आधीच खिडक्या उघडायला लागले. "एवढी कोंदट जागा! दम्याचं माणूस आणि दारं बंद? तुम्हा लोकांना काही कळतं का?" पुढचं दार उघडं, खिडक्या उघड्या, आता ते स्वयंपाकघराच्या मागच्या दाराकडे निघाले. बाहेरची राखी हवा ओसरीतून सरकत आत येताना मला दिसत होती. मधल्या खोलीच्या बंद दारामागं आई खोकली.

आई काकांशी बोलायची नाही. आमच्या घरात धाकट्या सुना थोरल्या दिरांशी थेट बोलत नसत. जे सांगायचं ते तिसऱ्या माणसाकडून, तो नसेल तर लहान मुलाकडून, मूलही नसेल तर मांजराकडे बघून. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत असतं, तरीही.

"सांग काकांना," दारामागून आईचा आवाज आला, "दारं लावून घ्या म्हणावं."

मी काकांकडे बघितलं. ते माझ्याकडे. "आई म्हणते, दारं लावून घ्या."

"सांग तिला, मोकळी हवा लागते छातीला. डॉक्टरांनीच सांगितलंय ना?"

"सांग त्यांना," आई धाप सावरत म्हणाली, "डॉक्टर पुण्यात राहतात. खाली राहून बघा म्हणावं."

हे मी तसंच्या तसं सांगायला धजले नसते. पण काकांचा हात मागच्या कडीवर होता. मी पुढं गेले, ती कडी धरली आणि म्हणाले, "काका, हे दार उघडू नका. बसा. ऊन येईपर्यंत बसा, मग मी सगळी उघडते."

मी काकांना आजवर 'हो' आणि 'नाही' यांच्यापलीकडे काही बोलले नव्हते. ते थांबले. मला वाटतं, मी बोललेलं त्यांना कळायच्या आधी मी बोलले हेच त्यांना कळलं. मी पुढची दारं लावून घेतली. अण्णा रांगोळीच्या हातानं उंबऱ्यात उभे होते आणि कुणीकडे बघावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

काका पाटावर बसले. चहा घेतला. एकदा खोकले, मग परत. खिशातून रुमाल काढून नाक पुसलं, रुमालाकडे बघितलं आणि तो उलटा घडी करून ठेवला.

तुळशीवर ऊन आलं. मी एकेक दार उघडलं. आई डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली, काकांना वाकून नमस्कार केला, रांगोळीची एक ओळ दुरुस्त केली आणि तीळ भाजायला घेतले. काका ओसरीवर पेपर धरून बसले होते, पण पेपरचं पान काही उलटलं जात नव्हतं. आईनं गूळ किसला, पाणी भरलं, काकींना वाण दिलं, त्यांच्याशी कशावरून तरी वाद घातला. खोकली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनाकडे निघाले तसे काका म्हणाले, "चल, येतो वरपर्यंत." वडापाशी आम्ही दोघं थांबलो. मी काही दाखवलं नाही, ते स्वतःच वळले. चादर अंथरलेली होती, कळस वर.

"हे असं किती दिवस?"

"वारा सुटेपर्यंत. होळीपर्यंत."

"रोज?"

"आभाळ मोकळं असलं की रोज. ऊन चढलं की जातं."

"करमाळ्याला असलं काही नाही," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात काल होती तशी जरब नव्हती. "आपल्याकडे धूर निघाला की गेला. सपाट मुलूख."

"हो," मी म्हणाले. "तिथली हवा चांगली आहे."

ते माझ्याकडे बघायला लागले. मी कबूल करेन असं त्यांना वाटलं नसावं. माझी लोकल येण्याची वेळ झाली होती, सिग्नल पडला होता. कदाचित म्हणून मला ते बोलता आलं. "पण तिथं आज भाजी कुठली करायची, हे आईला कुणी विचारत नाही. इथं ती ठरवते."

गाडी आली, मी गेले. दिवसभर व्याख्यानात माझं लक्ष नव्हतं.

परत आले तेव्हा काकांची पिशवी भरून ओसरीवर ठेवलेली होती. एकच पिशवी. आईची ट्रंक होती तिथंच, कोपऱ्यात, वर माझी पुस्तकं. अण्णा कारखान्यातून लवकर आले होते. काका जेवायला बसले, गुळाची पोळी खाल्ली, दुसरी मागितली. आई स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती.

"सांग तिला," काका मला म्हणाले, "थंडी संपली की महिनाभर हवापालटाला यावं. पाहुणी म्हणून."

"सांग त्यांना, येईन म्हणावं," आई म्हणाली. मग जरा थांबली. "आणि सांग, तिथं स्वयंपाकघरात खिडकीखालची फळी माझी आहे. माझे दोन डबे आणि फिरकीचा तांब्या आहे तिच्यावर. ते उतरवून घ्या म्हणावं. फळी धाकट्या जाऊबाईंना द्या, त्यांचं सामान अजून जमिनीवरच असतं."

मी सांगायला तोंड उघडलं. काकांनी हात वर करून मला थांबवलं आणि त्या दाराकडे बघून, सरळ, म्हणाले, "देतो. आणि तांब्या इकडे पाठवून देतो."